हिप्पोच्या बिशपाची रदबदली

क्षमा हा सद्गुण स्तुतीला जितका सोपा तितकाच आचरणाला अवघड आहे, हें सांगावयास कोणा तत्त्ववेत्त्याची जरूर नाहीं. आपणांस कोणीं दुखविलें आणि आपण तें मुकाट्यानें गिळलें, तर त्यांत झगडा आपल्याच मनाशीं असतो. परंतु दुखविला गेलेला मनुष्य आपण नसून आपल्या आश्रयाखालील कोणी असला, त्याचा प्राण गेला असला, मारेकरी पकडले जाऊन त्यांनीं गुन्हा कबूल केला असला, आणि न्यायासनावर बसलेला गृहस्थ आपलाच स्नेही असला, तर मग क्षमेचा अर्थ काय करावयाचा? दुसऱ्याच्या जखमेची क्षमा आपण कोणत्या अधिकारानें करावी? आणि न करावी, तर क्षमेचा उपदेश नित्य व्यासपीठावरून कोणत्या तोंडानें करावा?

हा प्रश्न काल्पनिक नाहीं. सोळाशें वर्षांपूर्वीं उत्तर आफ्रिकेंतील हिप्पो या बंदराच्या बिशपापुढें तो जसाच्या तसा उभा राहिला. हें हिप्पो म्हणजे आजच्या अल्जीरियांतील अन्नाबा शहर, आणि तो बिशप म्हणजे संत ऑगस्टिन. त्या प्रसंगीं त्यानें लिहिलेलीं पत्रें सुदैवानें टिकून राहिलीं आहेत. ख्रिस्ती धर्मांतील दया आणि न्याय यांचें नातें समजून घेण्यास त्यांच्यासारखें साधन क्वचितच सांपडेल. कारण तीं प्रवचनें नसून, ज्यांवर माणसांचें मरण-जगणें अवलंबून होतें असे अर्ज आहेत.

ख्रिस्ती शास्त्रांत या विषयावर दोन प्रकारचीं वचनें शेजारींशेजारीं नांदतात. वाइटाची फेड वाइटानें करूं नये, शत्रूवरहि प्रीति करावी, असें येशू ख्रिस्तानें डोंगरावरील प्रवचनांत सांगितलें. प्रेषित पौलानेंहि रोम येथील मंडळीस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायांत सूड ईश्वरावर सोंपविण्याचा उपदेश केला. पण लगेच तेराव्या अध्यायांत तोच पौल म्हणतो कीं, राज्यकर्त्याच्या हातीं तलवार आहे ती उगीच नव्हे. दुष्कर्म्यास शासन करण्यासाठीं ईश्वरानेंच त्याला नेमलें आहे. पहिल्या तीन शतकांत या वचनांची सांगड घालण्याची अडचण फारशी भासली नाहीं. कारण तलवार रोमन बादशहाची होती आणि मान ख्रिस्ती माणसाची होती. इ. स. ३१३ सालीं कॉन्स्टंटाइन व लिसिनियस या बादशहांनीं ख्रिस्ती धर्मास मोकळीक दिली. ३८० सालीं थिओडोसियसनें तो राज्याचा धर्म ठरविला. त्यानंतर मात्र न्यायाधीश ख्रिस्ती, फिर्यादी ख्रिस्ती आणि पुष्कळदां आरोपीहि ख्रिस्तीच, असा प्रसंग येऊं लागला. आतां दोन्ही अध्याय एकाच माणसाला पाळावयाचे होते.

आफ्रिकेंतील भांडण जुनें होतें. ३०३ सालीं डायोक्लीशन बादशहानें ख्रिस्ती लोकांचे धर्मग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला, तेव्हां जीव वांचविण्यासाठीं कित्येकांनीं ते सरकारच्या हवालीं केले. छळ थांबल्यावर प्रश्न निघाला कीं, ज्यांनीं असे ग्रंथ दिले त्यांच्या हातून झालेले धर्मविधि शुद्ध कीं अशुद्ध? या प्रश्नावरून कार्थेजच्या मंडळींत फूट पडली, आणि अशुद्धांचा संसर्ग नको म्हणणारा पक्ष पुढें डोनाटस या बिशपाच्या नांवानें ओळखला जाऊं लागला. आपल्याकडील ग्रामण्यांचे वृत्तांत ज्यांनीं वाचले आहेत त्यांना या वादाची जात ओळखावयास कठीण पडणार नाहीं. ऑगस्टिन ३९५ च्या सुमारास बिशप झाला तेव्हां ही फूट जवळजवळ शंभर वर्षांची होती. एकेका गांवांत दोन बिशप, दोन वेदी, आणि कधीं कधीं एकाच घरांत दोन पंथ, अशी स्थिति होती.

डोनाटसपंथाच्या आश्रयानें सर्कमसेलियन नांवाच्या खेडवळ लोकांच्या टोळ्या फिरत. सोटे घेऊन दुसऱ्या पक्षाच्या पाद्र्यांना गांठावें, मारावें, घरें पेटवावीं, चुना शिरक्यांत कालवून डोळ्यांत घालावा, असे प्रकार त्यांनीं केल्याचें ऑगस्टिननें लिहून ठेविलें आहे. हा वृत्तांत आपणांस मुख्यत्वें त्यांच्या प्रतिपक्षाच्या लेखणींतून मिळतो, हें विसरतां कामा नये. डोनाटसपंथीयांनींहि सरकारी शिपायांच्या हातून मार खाल्ला होता व आपले हुतात्मे ते भक्तिभावानें पूजीत. तथापि टोळ्यांचे अत्याचार खोटे होते, असें कोणीहि इतिहासकार म्हणत नाहीं.

या टोळ्यांच्या तडाख्यांत ऑगस्टिनचा शिष्य, मित्र व चरित्रकार पॉसिडियस हाहि सांपडला. तो कलामा गांवचा बिशप होता. ४०३ च्या सुमारास प्रवासांत असतां त्याच्यावर हल्ला झाला. ज्या घरांत तो लपला होता त्यास आग लावण्यांत आली आणि त्याला ओढून मारण्यांत आलें. हल्ला करणाऱ्यांना त्यांच्या बिशपानें, म्हणजे क्रिस्पिनसनें, कांहींच शासन केलें नाहीं, म्हणून प्रकरण कोर्टांत गेलें. पाखंडाविरुद्धच्या कायद्यानें क्रिस्पिनसला दहा पौंड सोन्याचा दंड झाला. तेव्हां ज्यानें मार खाल्ला होता त्या पॉसिडियसनेंच मध्यें पडून दंड वसूल होऊं दिला नाहीं. क्रिस्पिनस तेवढ्यावर न थांबतां बादशहाकडे गेला, तेथेंहि हरला, आणि पुन्हां बिशपांनींच रदबदली करून दंड माफ करविला. या प्रसंगांत एक क्रम दिसतो तो वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. निकाल आधीं लागला, मग माफी आली. अपराध झालाच नाहीं असें भासवून माफी दिली गेली नाहीं.

पण दहा पौंड सोनें सोडणें निराळें आणि रक्त सोडणें निराळें. ४११ च्या जून महिन्यांत कार्थेज येथें दोन्ही पक्षांच्या बिशपांची मोठी परिषद भरली. दोन्हीकडचे मिळून पांचशेंहून अधिक बिशप जमले होते. बादशहा होनोरियसनें पाठविलेला अधिकारी मार्सेलिनस हा अध्यक्ष होता. त्यानें निकाल डोनाटसपंथाच्या विरुद्ध दिला, आणि ४१२ च्या जानेवारींत त्या पंथावर जबर दंड बसविणारा कायदा झाला. याच सुमारास हिप्पोच्या मुलखांत रेस्टिट्यूटस नांवाच्या पाद्र्याचा खून झाला. इनोसेंशियस नांवाच्या दुसऱ्या पाद्र्याला मारहाण करून त्याचा एक डोळा काढण्यांत आला व एक बोट तोडण्यांत आलें. दोघेहि ऑगस्टिनच्या हाताखालचे. आरोपींत सर्कमसेलियन होते आणि डोनाटसपंथाचे कांहीं पाद्रीहि होते. मार्सेलिनसपुढें चौकशी झाली आणि बहुतेकांनीं गुन्हा कबूल केला. रोमन कायद्यानें पुढचें पाऊल ठरलेलें होतें. डोळ्यास डोळा आणि जिवास जीव.

ऑगस्टिननें मार्सेलिनसला पत्र लिहिलें. मार्सेलिनसचा भाऊ अप्रिंजियस हा त्या वेळीं प्रांताचा प्रोकॉन्सल होता व देहान्त शिक्षेचा अधिकार त्याच्या हातीं होता, म्हणून त्यालाहि लिहिलें. या पत्रांत त्यानें काय मागितलें नाहीं तें प्रथम पाहूं. आरोपींना सोडून द्यावें असें त्यानें म्हटलें नाहीं. ते निरपराधी आहेत, अज्ञानी आहेत, धर्मवेडानें भुलले आहेत, असाहि बचाव केला नाहीं. त्यांच्या हातून पुन्हां असें घडूं नये अशी तजवीज हवी, हें त्यानें स्पष्ट लिहिलें. त्याची मागणी एवढीच होती कीं, त्यांना जिवंत ठेवावें, त्यांचा कोणताहि अवयव तोडूं नये, आणि ज्या हातांनीं उपद्रव केला त्या हातांना कांहीं उपयोगी कामास लावावें. ही शिक्षा म्हणावी कीं उपकार म्हणावा, असा प्रश्न तोच पुढें करतो. कारण ज्यांत पश्चात्तापाला वेळ मिळतो ती शिक्षा औषधासारखी होय, अशी त्याची समजूत होती. मार्सेलिनसनें कबुली घेतांना घोडा, लोखंडी नखें अथवा विस्तव यांचा उपयोग न करतां केवळ छड्यांवर भागविलें, याबद्दल तो त्याची तारीफ करतो. छडीच्या मारानें मिळालेल्या कबुलीस आज कोणी दयेचा नमुना म्हणणार नाहीं. परंतु ज्या काळीं हाडें खिळखिळीं करणें ही चौकशीची सामान्य रीत होती, त्या काळीं ही तारीफ कोठें बोट ठेवीत होती तें दिसतें.

अप्रिंजियसच्या पत्रांत तो अधिक खोल जातो. न्यायाधीशास तलवार ईश्वरानें दिली, हें पौलाचें वचन तो मान्य करतो. पण मंडळीचा प्रश्न मंडळीचा आहे, असें त्याचें म्हणणें. ईश्वराच्या सेवकांनीं सोसलेल्या दुःखाची भरपाई म्हणून त्यांच्या शत्रूंचें रक्त सांडलें, तर त्या सोसण्यालाच डाग लागेल. सरकारास आपल्या कायद्यानें वागावयाचें असेल. पण ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचें नांव त्या फांशीखालीं घालूं नये. आमच्या मतें सर्व पत्रव्यवहाराचा गाभा हा आहे. अन्याय सोसलेल्या माणसास अपराध्याला सोडण्याचा अधिकार कदाचित् नसेल. पण ‘माझ्या नांवानें हें करूं नका’ असें म्हणण्याचा अधिकार त्याचा आहे, आणि तो त्याच्यापासून कोणी हिरावूं शकत नाहीं.

मार्सेलिनसला आणखी एक पत्र गेलें. त्यांत त्यानें दोन गोष्टी एका दमांत मागितल्या. एक, चौकशीचे व कबुलीचे सर्व कागद लवकर प्रसिद्ध करावे, म्हणजे ते हिप्पोच्या मंडळींत व इतरत्र वाचून दाखवितां येतील. दुसरी, शिक्षा देहान्ताची नसावी. प्रोकॉन्सलचा आग्रहच असेल तर आपलीं पत्रें दप्तरीं दाखल करावीं, आणि गरज पडल्यास बादशहाच्या दयेकडे धांव घेतां येईल इतका अवधि द्यावा, असेंहि त्यानें सुचविलें. दाखल्यास त्यानें उत्तर इटलींतील आनौनिया येथील हकीकत दिली. तेथें कांहीं ख्रिस्ती सेवकांचा मूर्तिपूजकांनीं वध केला होता, आणि विनंतीवरून बादशहानें मारेकऱ्यांचे प्राण वांचविले होते. सत्य चव्हाट्यावर यावें आणि रक्त सांडूं नये, या दोन मागण्या विसंगत वाटतील. पण जी क्षमा सत्य झांकते ती अन्यायाला मिळालेली सूट होय, हें तो जाणून होता.

त्या खटल्याच्या निकालाचा कागद राहिला नाहीं. विनंतीचे कागद राहिले. इनोसेंशियसला या सर्वाबद्दल काय वाटलें, हेंहि कोणीं लिहून ठेविलें नाहीं. एक डोळा गेलेल्या त्या माणसाच्या वतीनें त्याचा बिशप दया मागत होता. ती त्याला रुचली कीं खुपली, हा प्रश्न पत्रें वाचतांना मनांतून जात नाहीं. दुसऱ्याच्या वतीनें क्षमा मागण्यांत हा दोष नेहमींच राहणार.

बिशपांच्या अशा रदबदलीवर आक्षेप घेणारेहि शहाणे लोक होते. आफ्रिकेचा व्हिकार, म्हणजे बड्या दर्जाचा न्यायाधिकारी, मॅसिडोनियस यानें ऑगस्टिनला सरळ विचारलें कीं, अपराध्यांसाठीं रदबदली करणें हा धर्माचा भाग कसा? अपराध्यास सुटावें असें इच्छिणारा त्या अपराधाचा वांटेकरी होत नाहीं काय? आणि चोरीचा माल घरांत ठेवून माफी मागणारांचें काय? ऑगस्टिनचें उत्तर लांबलचक आहे. त्याचें सार असें. अपराध आम्हांस नावडतो म्हणूनच अपराध्याची कींव येते. सुधारणा व्हावयाची ती याच जन्मीं व्हावयाची, मेल्यावर तिला वाव नाहीं. म्हणून त्याचा हा जन्म मध्येंच तोडूं नका. व्यभिचाराच्या आरोपावरून धरून आणलेल्या स्त्रीची योहानाच्या शुभवर्तमानांतील कथा तो येथें सांगतो, आणि दाखवितो कीं येशूनें तिला दगडांपासून वांचविलें, पण पापाला पापच म्हटलें.

त्याच पत्रांत तो राजाचा अधिकार, न्यायाधीशाचा निकाल, शिपायाचें शस्त्र, इतकेंच नव्हे तर जल्लादाचें हत्यारहि निरुपयोगी नाहीं असें म्हणतो. त्यांच्या धाकानेंच सज्जन सुखानें झोंपतात. तुमच्या कडकपणानें आम्हांस स्वस्थता मिळते आणि आमच्या विनंतीनें तुमचा कडकपणा आटोक्यांत राहतो, अशी ही वांटणी आहे. चोरीच्या मालाविषयीं तर त्याची वाणी मॅसिडोनियसपेक्षांहि कठोर आहे. परत देणें शक्य असतां जो देत नाहीं त्याचा पश्चात्ताप हें सोंग होय; अशाची पापक्षमा होत नाहीं आणि त्याच्यासाठीं रदबदलीहि करूं नये. दयेचा एवढा पुरस्कर्ता हिशेबाच्या बाबतींत सावकाराइतका काटेकोर आहे, हें पाहून वाचकास नवल वाटेल. पण ज्याची गाय गेली त्याला गाय मिळाल्यावांचून दुसऱ्यानें उदार होणें हें फुकटचें औदार्य होय.

आतां या कथेचा करुण भाग. ४१३ सालीं आफ्रिकेचा सेनापति हेराक्लियन यानें बंड केलें. तें मोडलें, आणि बंडाचा झाडा घेण्यासाठीं मारिनस नांवाचा अधिकारी कार्थेजला होता. त्यानें मार्सेलिनस व अप्रिंजियस या दोघां भावांस कैद केलें. बिशपांनीं रदबदली केली. एक बिशप बादशहाकडे राव्हेन्नाला रवाना झाला. तोंवर कांहीं होणार नाहीं असें आश्वासन मिळालें. तरीहि १३ सप्टेंबर रोजीं, घाईनें चौकशीचा देखावा करून, दोघांचा शिरच्छेद करण्यांत आला. मारिनसनें हें द्वेषानें केलें कीं लांच खाऊन, हें समकालीन इतिहासकार ओरोसियसलाहि ठरवितां आलें नाहीं. मारिनसला पुढें परत बोलावून पदच्युत करण्यांत आलें, आणि ४१४ सालीं बादशाही कायद्यानें मार्सेलिनसचें नांव आदरानें घेऊन त्याचे निकाल कायम केले. मेलेल्या माणसास न्याय मिळाला तो एवढाच.

ऑगस्टिननें कैदेंत त्यांची भेट घेतली होती. त्यानें एका बड्या अधिकाऱ्यास लिहिलेल्या पत्रांत दोघां भावांचें एक संभाषण दिलें आहे. अप्रिंजियस म्हणाला कीं, मी माझ्या पापांचें फळ भोगतों असें म्हणतां येईल. पण तुझें आचरण इतकें चोख असतां तुझ्यावर हें कां यावें? मार्सेलिनसनें उत्तर दिलें कीं, माझे जे कांहीं दोष असतील त्यांचा झाडा येथेंच होऊन ईश्वराच्या न्यायापर्यंत तो शिल्लक न उरला, तर तें मोठें देणेंच समजलें पाहिजे. या उत्तरांत मारिनसचें नांवहि नाहीं. अन्याय करणारा बरोबर होता असें तो म्हणत नाहीं. आपला हिशेब मात्र त्यानें त्या माणसाच्या हातांतून काढून दुसरीकडे नेला आहे. अन्याय झालेल्या माणसाची शांति म्हणतात ती हीच असावी.

पण ती सर्वांना साधते असें नव्हे; खुद्द ऑगस्टिनला त्या वेळीं साधली नाहीं. स्नेह्याचा वध होतांच तो कार्थेज सोडून गुपचूप निघून गेला. सरकारच्या भयानें देवळांत लपलेले लोक त्याला थांबवूं पाहत होते. पण ज्याच्या तोंडावर खडसावावयाचें त्याच मारिनसपुढें हात जोडणें त्याच्यानें होईना. आयुष्यभर इतरांसाठीं रदबदली करणारा मनुष्य येथें थकला, आणि त्यानें तें लपविलें नाहीं.

‘ईश्वराचें नगर’ या ग्रंथाचे आरंभींचे भाग त्यानें मार्सेलिनसला उद्देशून लिहिले होते. बावीस भागांचा तो ग्रंथ ४२६ च्या सुमारास पुरा झाला. त्याच्या एकोणिसाव्या भागांत शांतीचा विचार आहे, आणि त्यांतच एका न्यायाधीशाचें चित्र आहे. सत्य शोधण्यासाठीं तो साक्षीदारांना पीडा देतो आणि अजाणतां निरपराध्याचा प्राण घेतो. हा न्यायाधीश दुष्ट नाहीं, पण त्यानें आपल्या कामाचा गर्व न बाळगतां त्यांतून सोडवणूक मागावी, असें ऑगस्टिन म्हणतो. या लोकींची शांति ही सुखाचा उपभोग नसून दुःखांतलें सांत्वन आहे, आणि माणसाची नीति ही पूर्णतेपेक्षां मिळालेल्या क्षमेवरच अधिक उभी आहे, हा त्याचा अखेरचा सूर आहे.

येथवरचें चित्र उज्ज्वल आहे; पण त्याची दुसरी बाजू न सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. हाच ऑगस्टिन प्रथम म्हणत असे कीं, कोणासहि जबरदस्तीनें धर्मांत आणूं नये. पुढें बादशाही कायद्यांच्या भयानें गांवेंच्या गांवें पक्ष बदलतांना पाहून त्याचें मत फिरलें. ४०८ च्या व ४१७ च्या पत्रांत त्यानें धर्मकार्यांत सक्तीचें समर्थन केलें. मेजवानीला लोकांना आग्रहानें आंत आणा, या लूकाच्या शुभवर्तमानांतील दृष्टान्ताचा त्यानें सक्तीला आधार केला. डोनाटसपंथीयांचे प्राण त्याला वांचवावयाचे होते, त्यांचें मत मात्र मोकळें ठेवावयाचें नव्हतें. तलवारीला धार लावून द्यावयाची आणि तिनें रक्त सांडूं नये अशी विनंति करावयाची, हें किती काळ चालणार?

तें कोठवर गेलें याची साक्ष आपल्या दाराशींच आहे. पुढच्या शतकांतील सक्तीच्या पुरस्कर्त्यांनीं ऑगस्टिनच्या या पत्रांचा आधार घेतला, आणि युरोपांत इन्क्विझिशनचीं न्यायासनें उभीं राहिलीं. गोव्यांत पोर्तुगीजांनीं १५६० सालीं असें न्यायासन स्थापिलें. मध्यें चार वर्षें बंद राहून तें १८१२ सालीं कायमचें उठलें. पोर्तुगीज इन्क्विझिशनची अशी रीत होती कीं, आरोपीला सरकारी अधिकाऱ्याच्या हवालीं करतांना निकालपत्रांतच विनंति घालावयाची कीं, याच्याशीं दयेनें वागावें, मृत्यूची शिक्षा देऊं नये, रक्त सांडूं नये. आणि पुढें काय व्हावयाचें तें देणारा व घेणारा दोघेहि जाणत. चिता तयार असे. ऑगस्टिननें ज्या शब्दांसाठीं झोंप घालविली, तेच शब्द हजार वर्षांनीं कारकुनाच्या हातचा मसुदा झाले. दयेच्या शब्दांची याहून मोठी विटंबना इतिहासांत सांपडणें कठीण.

तरीहि हिप्पोचीं तीं पत्रें खोटीं ठरत नाहींत. विनंति तीच, फरक करणाऱ्यांत आहे. ऑगस्टिनचे स्वतःचे लोक मारले गेले होते, शिक्षा टळल्यानें मंडळीला धोका होता, आणि तरीहि तो पुन्हां पुन्हां लिहीत राहिला. अपराध उघड करा म्हणाला, नुकसान भरून द्या म्हणाला, आणि मग जीव मागितला. गोव्याच्या निकालपत्रांत दया मागणारावर अन्याय झालाच नव्हता, अन्याय करणारा तोच होता. त्यामुळें त्या दयेची त्याला कवडीहि किंमत पडली नाहीं. आपणांपुढें कोणी क्षमेचें नांव घेऊन उभा राहिला, तर त्यानें स्वतः काय सोसलें आहे आणि सत्याला तो भितो कीं नाहीं, एवढें विचारावें. त्या उत्तरावरून क्षमा खरी कीं खोटी तें कळतें.